परक्यांसाठी लावलेल्या पाट्या

बत्तंबांग, ९ फेब्रुवारी

बोंग थावरी,

फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस, म्हणून हा कागद. टॅक्सीवाले माव काका तुझ्या दारावरूनच जातात, त्यांच्या हाती देते आहे. उत्तर लिहायचा कंटाळा आला तर त्यांना तोंडी सांग. त्यांना तसंही गाडीत बोलायला काहीतरी लागतंच.

आधी भांडणाचं. आमचं पथक ओ-चंबकला आलं ते माझ्या सांगण्यावरून नाही. यादीत आपल्या गावाची पाळी आली आणि मी गाडीत बसले, एवढंच. तू कुंपणाशी उभी राहून सगळ्यांदेखत म्हणालीस, "शिकायला पाठवली होती, तर ही आता ढगात बसून आमच्या मोऱ्यांत डोकावते." शेजारणी हसल्या, माझे सहकारी हसले. मीही हसले. गणवेश अंगात असताना दुसरं काय करणार?

ड्रोन मोऱ्यांत डोकावत नाही, बोंग. धाकटी बहीण घरातली पहिली पदवीधर झाली म्हणून तू माझा फोटो भिंतीवर लावलास, पण मी नेमकं काय करते हे तुला सांगायचं राहूनच गेलं. नकाशावर सुरुंगांच्या संशयाने ज्या जमिनी लाल आहेत, त्यांच्यावरून ड्रोन फिरतो. शेकडो फोटो काढतो आणि त्यांचं मिळून एक मोठं चित्र होतं. दुसरा कॅमेरा उष्णता बघतो. कधीतरी खणून पुन्हा बुजवलेली माती आसपासच्या मातीसारखी तापत नाही आणि तिच्यासारखी निवतही नाही, पहाटेच्या चित्रात ती वेगळी दिसते. निदान दिसायला हवी. कधी तो सुरुंग असतो, कधी वारूळ, कधी माशांचा गंजका डबा. मी दिवसभर पडद्यापुढे बसून खुणा करते. इथे खंदक, इथे जुनी चौकी, इथे पायवाट, हे सोडून दिलेलं शेत.

आणि जी जमीन उगीचच लाल आहे, ती शोधणं हेही माझंच काम. एखादी जमीन तीन-चार वर्षं कुणीतरी कसतं आहे आणि कुणाला काही झालं नाही असं दिसलं, की ती यादीतून जाते. तिथे शोधयंत्र घेऊन कुणी गुडघ्यांवर रांगायची गरज उरत नाही. मला हे फार सुंदर वाटतं. तू हसशील, पण वाटतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. डोंगराच्या पायथ्याची जमीन. मी कॉलेजात असताना तिथे कवटीच्या लाल पाट्या लागल्या. "सरकारी माणसं लावून गेली, तिकडे फिरकू नकोस," असं तू म्हणालीस आणि मी फिरकले नाही. वरून तिचं चित्र असं आहे: भोवती बांबूचं आणि काटेरी झुडपांचं दाट कुंपण, कुंपणावर पाट्या, आणि कुंपणाच्या आत हिरव्या ओळी. कसावा. कडेला काजूची झाडं. एक मचाण, त्यावर निळं प्लास्टिक. आणि मधोमध एक बाई, पायातली चप्पल काढून आभाळाला दाखवणारी.

सगळं ऑफिस हसलं. विचेत सरांनी, म्हणजे आमच्या पथकप्रमुखांनी, तो फोटो चहाच्या टेबलावर चिकटवला आहे. "या बाईला विमानविरोधी तोफेवर घ्यायला हवं," म्हणाले. मी ओळख दाखवली नाही.

तू तिथे काय करतेस, बोंग? तिथे सुरुंग आहेत की नाहीत? मला घाबरायचं आहे की नाही, एवढं तरी सांग.

कुंथिया


बत्तंबांग, १७ फेब्रुवारी

बोंग थावरी,

माव काकांनी तुझं उत्तर ऑफिसच्या फाटकात, रखवालदारासमोर, तुझ्याच आवाजात दिलं. कमरेवर हात ठेवून.

"'म्हणावं, चप्पल त्या ड्रोनला दाखवली. तुला लागली असेल तर खाली ये, दुसरीही दाखवते.'"

"आणि सुरुंगांचं काय म्हणाली, काका?"

"'म्हणावं, तुझ्या डोळ्याला आभाळातून एवढं दिसतं, तर मला आंधळीला कशाला विचारतेस?' आणि हे दिलंय." प्रहोकची बरणी. झाकण सैल होतं, काकांच्या सगळ्या प्रवाशांना माशाचा वास लागला. ते म्हणाले, तुम्हा दोघी बहिणींचं भांडण मला या भाड्यात परवडत नाही.

प्रहोक पाठवलंस म्हणजे राग उतरला का? की बरणी रिकामी करून हवी होती? मला कळेनासं झालं आहे.

विचेत सर रोज विचारतात. "कुंथिया, पायथ्याची ती जमीन अजून लालच? आत शेती दिसते आहे लख्ख. काढून टाक." मी म्हटलं, सावल्या फार आहेत, पुन्हा उडवायला हवं. सावल्या नाहीत. भर दुपारचं चित्र आहे.

मी का थांबवलं सांगू? त्या चित्रात तुझ्या शेताच्या पलीकडे, ओढ्याच्या काठाने, दुरियनशेठची बाग येते. आखून लावलेली दुरियनची फळझाडं, सरळ रेघ. ती रेघ आपल्या डोंगराकडे येते, येते, आणि तुझ्या पाट्यांपाशी आली की वळते. सरकारने आखलेला रस्ता त्याने वळवून घेतला, शाळेचं मैदान अर्धं घेतलं. आणि एका पत्र्यावरच्या कवटीला तो भ्याला! मी तो कोपरा कितीतरी वेळ बघत बसले.

तुझ्याकडे त्या जमिनीचा कागद नाही. ती कसणाऱ्या आपल्या सहा घरांपैकी कुणाकडेच नाही. मी ती यादीतून काढली की आमचीच माणसं येऊन पाट्या उपटतील, जिल्ह्याला कळवतील, फोटो काढतील, आणि महिन्याभरात शेठची रेघ सरळ होईल. म्हणजे मी माझं काम चांगलं केलं तर असं होणार. हे मला कुठल्याही वर्गात शिकवलं नव्हतं. की शिकवलं होतं आणि मी टिपणं काढण्यात गुंग होते?

एक विचारते, रागावू नकोस. त्या पाट्या खरंच सरकारी माणसांनी लावल्या का?

कुंथिया


बत्तंबांग, २६ फेब्रुवारी

बोंग थावरी,

"'म्हणावं, पाट्यांना काय पाय असतात?'" असं म्हणून माव काका हसले नाहीत. एरवी तुझं वाक्य सांगून झालं की आधी तेच हसतात. या वेळी गाडीची काच पुसत राहिले.

पाट्यांना पाय नसतात. मला माहीत आहे.

आम्ही ड्रोन पुन्हा उडवला, मीच मागितलं होतं म्हणून. वैमानिकाने या वेळी पायथ्याबरोबर वरचा कडाही घेतला, कारण तिथे नुकतंच रान जाळलेलं आहे आणि जळलेली जमीन स्पष्ट दिसते. लहानपणी तू सांगायचीस, वर कड्यावर देवतेचा तळ आहे, मुली गेल्या की परत येत नाहीत. मी कधी गेले नाही. पदवी मिळाल्यावरसुद्धा नाही. शिकलेली असून मी देवतेला घाबरत होते, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं.

काल देवतेचा तळ पाहिला. नागमोडी खंदक, बोंग. राखेत कोरल्यासारखा. मागे चौकीचे चौकोनी खड्डे. आणि पहाटेच्या चित्रात खंदकाच्या पुढे, उतारावर, ठिपके. एका ओळीत आहेत असं मला वाटतं. मग डोळे चोळले की ते ओळीत नाहीत असं वाटतं. विचेत सर म्हणाले, "ठिपका म्हणजे ठिपका. त्याच्यावर जीव लावू नकोस." पण तेही खुर्ची ओढून शेजारी बसले.

"एवढा खंदक खणणारं सैन्य त्याच्यापुढे काहीच पेरणार नाही?" मी विचारलं.

"पेरणार."

"मग आपल्या नकाशावर कडा स्वच्छ कसा?"

"तिथे पाटी नव्हती. नकाशा करणारे आले तेव्हा ज्या जागी पाट्या दिसल्या ती जागा त्यांनी लाल केली. त्याआधीचा कागद म्हणजे हातानं काढलेला डोंगर आणि त्यावर एक फुली. नकाशा पाट्यांवरून काढलाय, पोरी, पाट्या नकाशावरून नाहीत लावल्या."

मग ते माझ्याकडे बघत राहिले आणि मी पडद्याकडे.

रान कुणी जाळलं तेही दिसलं. कड्याखाली निळ्या प्लास्टिकच्या झोपड्या आहेत, चुलींचा धूर आहे, दोरीवर कपडे आहेत. शेठने लांबच्या प्रे वेंगहून मजूर आणले आहेत. तुझ्या पाट्यांना वळसा घालून तो वरून बाग लावतो आहे. आज ते उताराच्या खालच्या टोकाला आहेत. आग पुढे गेली, तिच्या मागून ते जातील.

बोंग, पाट्या त्या कड्यावरून खाली आणल्यात का? या वेळी टोमणा नको. काकांच्या हाती नुसतं हो किंवा नाही पाठव.

कुंथिया


बत्तंबांग, १ मार्च

बोंग थावरी,

तू काही पाठवलं नाहीस. काका म्हणाले, "तिनं पत्र घेतलं, उभ्यानं वाचलं, दोनदा वाचलं, आणि डुकरांना खायला घालायला गेली."

मी थांबू शकले नाही. विचेत सरांना सगळं सांगितलं. चप्पलवाली बाई माझी बहीण आहे हेही. त्यांनी भोपळ्याची बी दातांत फोडली आणि म्हणाले, "पहिल्या दिवशीच कळलं होतं. रागावलीस की तू माउस अगदी तशीच उगारतेस."

काल आम्ही दोघं शेठच्या मुकादमाकडे गेलो. तो वाईट माणूस नाही. आम्हाला प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या, उसाचा रस दिला. मी चित्र दाखवलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं.

"ताई, नकाशा दाखवा. हा तुमचाच ना? शिक्का तुमचाच? यात कडा पांढरा आहे. लाल आहे ती खालची जमीन, आणि तिला आम्ही हात लावलेला नाही. नियमानं वागतोय तर तुम्ही नियम बदलता?"

"हा खंदक बघा."

"रेघ आहे. शेठला फोन करून सांगू का, की काम बंद, एका ताईंना वाकडी रेघ दिसली?"

मागे एक बाई तांदूळ निवडत होती. ती उठून आली. तिने चित्राकडे पाहिलंच नाही, डोंगराकडे पाहिलं. "पण पाटी कुठाय?" म्हणाली. "आमच्याकडे असतं तिथे पाटी असते. आम्ही सगळं शोधूनच तंबू ठोकले. पाटी नव्हती." असं म्हणाली जणू मी तिच्यावर आळ घेते आहे.

मुकादमाने शेवटी एवढं कबूल केलं: त्याचा मोठा ट्रॅक्टर बिघडला आहे, सोमवारी येईल, तोवर तो कुणाला वर पाठवणार नाही. त्याच्या आत गावातल्या कुणाचा शब्द आणा.

परतताना विचेत सर म्हणाले, त्याचं नियमात बसतं. आपलं चित्र मदतीला असतं, साक्षीला नाही. वरून दिसलेलं कितीही खरं वाटलं तरी खालून एक माणूस म्हणायला लागतो, की हो, इथे आहे, मला माहीत आहे. मी चार वर्षं जे शिकले ते सगळं एका माणसाच्या 'हो'पाशी येऊन थांबतं.

आमची गाडी तुझ्या घरावरून गेली. तू अंगणात होतीस. मी सरांना गाडी थांबवायला सांगितलं नाही.

आता नीट ऐक, मी तुला गोड बोलून फसवत नाही. पाट्या वरून आणल्या असं तू म्हणालीस तर कडा लाल होईल आणि ती माणसं खाली येतील. त्याच तोंडाने तुला हेही म्हणावं लागेल की खाली काही नाही. मग तुझी जमीन यादीतून जाईल. दुसरं कुणी काढणार नाही, मीच काढीन, तो माझा विभाग आहे. पुढे शेठ काय करील ते तुला माझ्याहून जास्त कळतं.

तू बोलली नाहीस तर मीही कुणाला सांगणार नाही असं लिहिणार होते. पण मी सांगितलेलंच आहे. तुझ्या शब्दाशिवाय ते पुरत नाही, एवढंच.

मी तुला 'ये' म्हणते आहे की 'येऊ नकोस' म्हणते आहे, हे पत्र पुन्हा वाचलं तरी मला सांगता येत नाही. ती बाई तांदूळ निवडत होती. ये.

कुंथिया


बत्तंबांग, ६ मार्च

बोंग थावरी,

तू काय केलंस हे तुलाच काय सांगायचं. पण सोमवारी तू एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीस, म्हणून तिथे उभी राहून मला काय दिसलं ते लिहिते.

हातट्रॅक्टरचा आवाज आधी आला. त्याला जोडलेल्या गाडीत तू, सहाही घरच्या बायका, आणि तुमच्या पायांत आडव्या टाकलेल्या पाट्या. तुम्ही नटून आला होतात, देवळात जाताना नेसता तसे सारोंग. मुकादम विचारत होता, "कुणाचं लग्न?"

तू उतरलीस, एक पाटी उचलून त्याच्या खुर्चीला टेकवून ठेवलीस. "ह्या इथल्या. वरच्या. आम्ही खाली नेल्या."

"का?"

"तुझ्या शेठला अडवायला. दुसऱ्या कशाला तो थांबतो का?"

"आणि इथलं उघडं टाकलंत? माणसं मेली असती तर?"

तेव्हा पहिल्यांदा तुझा आवाज खाली गेला. "गावात शेंबड्या पोरालाही माहीताय वर जायचं नाही. आम्हाला पाटी लागत नाही. पाटी परक्यासाठी. आणि वर परका कोण मरायला जातोय, असं वाटलं आम्हाला." मग तू त्या तांदूळवाल्या बाईकडे वळलीस. "तुम्ही याल असं डोक्यातच आलं नाही गं. खरंच नाही आलं."

ती बाई होती तिथेच खाली बसली. तिच्या नवऱ्याने तिला पाणी दिलं, ते तिने हातात धरून ठेवलं.

मुकादम हळूच म्हणाला, "म्हणजे खालच्या जमिनीत काहीच नाही?" त्याला दोन्ही बातम्या एकदम मिळाल्या होत्या. दुसरी पोचताना त्याच्या चेहऱ्यावर मी पाहिली, तूही पाहिलीस.

"नाही," तू म्हणालीस. "आजोबा तिथे कोळसा पाडायचे. काही नाही. कळव तुझ्या शेठला."

विचेत सरांनी तुझं म्हणणं लिहून घेतलं. जाताना तू गाडीत चढलीस, तेव्हा मी हात पुढे केला होता. तू शेजारणीचा हात धरलास.

दुसऱ्या दिवशी आमची शोधयंत्रवाली माणसं खंदकापुढे बसली आणि दुपारच्या आत पहिला सुरुंग सापडला. मजुरांच्या चुलीपासून दगड भिरकावला तर पोचेल एवढ्यावर. नंतर आणखी सापडले. माझ्या ठिपक्यांपैकी निम्मे सुरुंग निघाले, निम्मे दगड. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मला आनंद झाला, खूप झाला, आणि मग मी संडासात जाऊन रडले, आणि कशासाठी ते विचारशील तर मला सांगता येणार नाही.

कुंथिया


बत्तंबांग, १४ मार्च

बोंग थावरी,

काल मी खालची जमीन यादीतून काढली. एक कळ दाबायची असते. लाल तुकडा पांढरा होतो. मी शेऱ्यात लिहिलं की सहा घरं ती जमीन वर्षानुवर्षं कसत आहेत, आणि मागच्या सगळ्या वर्षांची उपग्रहाची चित्रं जोडली. विचेत सर म्हणाले, ही चित्रं गावप्रमुखाकडे द्या, जमिनीच्या अर्जाला कामी येतील. मी विचारलं, नक्की येतील का? ते म्हणाले, "आपल्याला सुरुंग कळतात, कुंथिया. बाकीचं मलाही कळत नाही." त्यांच्या तोंडून असं पहिल्यांदा ऐकलं. अर्ज मी भरीन. त्याचं काय होईल ते मला माहीत नाही.

मी बरोबर केलं का, हे विचारायला तू एकच माणूस आहेस आणि तुलाच विचारायची सोय नाही. रात्री वाटतं केलं, सकाळी वाटतं तुझ्या बाजूने कुणीच उभं राहिलं नाही, मी तर नाहीच.

आज माव काका तुझा निरोप घेऊन आले. या वेळी कमरेवर हात नाही. "'म्हणावं, कसावा अजून जमिनीत आहे. शेठची माणसं मोजायला यायच्या आत काढायचाय. हात कमी पडतायत. ढगातून उतरता येत असेल तर ये.'"

"काका, हे रागात म्हणाली की हसत?"

"मला काय ठाऊक? पाठमोरी होती, कोयत्याला धार लावत होती."

मी येते. रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीने. वैमानिकही येतो आहे, तो शेतकऱ्याचाच मुलगा आहे, मला वाटतं माझ्याहून जास्त उपटेल.

आणखी एक, तुला न विचारता केलं. कड्यावरचं काम बंद पडलं तशी मुकादमाने ते मजूर तसेच सोडून दिले आहेत. आज त्यांच्या खाली हलवलेल्या झोपड्यांकडे गेले होते तेव्हा त्या तांदूळवाल्या बाईला सांगितलं, कसावा काढायला माणसं हवी आहेत. तिचं नाव मुन्नी. तिने विचारलं, "पाट्या घेऊन आलेल्या त्या बाईचं शेत ना? आम्ही सगळेच येतो." मग म्हणाली, "तिथे आता पाट्या नाहीत ना?"

"नाहीत," मी म्हटलं. "आता तिथे कुणीही येऊ शकतं."

बोलून गेल्यावर मला माझंच वाक्य ऐकू आलं. ती मात्र हसली, आणि झोपडीत कोयते शोधायला गेली.

भात आम्ही येताना आणू. तू फक्त किती माणसांचं सार करायचं ते बघ, कारण आम्ही पुष्कळ आहोत.

कुंथिया